ओल्या मातीतली तहान



'त्यांच्या हाताला झाड येतं,' असं आपण कौतुकानं म्हणतो. याच्या उलट वाक्यही घरोघरी ऐकू येतं, 'माझ्या हाताला गुण नाही हो, लावलं की जातं.' हे दुसरं वाक्य मी बहुतेक वेळा बायकांच्याच तोंडून ऐकलं आहे. रोपवाटिकेतून दीडशे-दोनशे रुपये मोजून टवटवीत जर्बेरा किंवा अ‍ॅग्लोनेमा आणायचा, खिडकीशी ठेवायचा, रोज सकाळी न चुकता पाणी घालायचं आणि महिना-दीड महिन्यात त्यानं मान टाकायची. मग बोल लागतो हाताला. आज मी त्या हाताची वकिली करणार आहे.

तसा माझा अधिकार काही नाही. मी कविता लिहिणारी बाई. पदवी बी.ए.ची, तीही मराठी घेऊन. पण मिरजेत घर आहे, गच्चीवर साठ-सत्तर कुंड्या आहेत आणि तासगावचा द्राक्षपट्टा जवळ असल्यामुळे बुरशीनाशकांची नावं आमच्याकडे चहाच्या गाड्यावरही कानांवर पडतात. एखाद्या गोष्टीच्या मागे लागलं की पुस्तकं चाळायची, जाणत्यांना विचारत राहायचं, ही जुनी खोड. त्यातून जे हाती लागलं ते सांगते.

कुंडीतलं झाड मलूल दिसलं की आपल्या मनात एकच शब्द येतो, तहान. फसगत इथंच होते. पानापर्यंत पाणी पोचवतात ती मुळं. मुळंच कुजली तर कुंडीत तळं साचलेलं असलं तरी पानाला थेंब मिळत नाही. म्हणजे पान खरोखरच तहानलेलं असतं आणि माती मात्र चिंब असते. आपण पान बघतो, माती बघत नाही, आणि आणखी तांब्याभर पाणी ओततो. मुळांनाही श्वास लागतो. मातीच्या कणांमधल्या पोकळ्यांत हवा असते, तिच्यातला प्राणवायू मुळं घेतात. त्या पोकळ्या सतत पाण्यानं भरलेल्या राहिल्या की मुळं गुदमरतात आणि गुदमरलेल्या मुळावर रोग बसायला वेळ लागत नाही.

म्हणून पहिली तपासणी अगदी साधी. बोट दोन पेरं मातीत घाला. माती कोरडी आणि पान मलूल, तर खुशाल पाणी द्या. माती ओली आणि पान मलूल, तर तांब्या खाली ठेवा आणि झाड कुंडीतून बाहेर काढा. इथं लोक कचरतात. मुळं दुखावतील, म्हणतात. कुंडी आडवी धरायची, कडेनं चार थापा मारायच्या, बुंधा बोटांच्या बेचक्यात धरायचा आणि मातीचा गड्डा अलगद ओढायचा, एवढ्यानं काही बिघडत नाही. निरोगी मूळ चिमटीत टणक लागतं. बहुधा ते पांढरं किंवा फिकट पिवळसर असतं, पण रंगावर फार विसंबू नका. ड्रॅसिनाची मुळं मुळातच नारिंगी असतात. ती पाहून आमच्या ओळखीच्या एका बाईंनी चांगलं पाच वर्षांचं झाड उकिरड्यावर नेऊन टाकलं. टणक की लिबलिबीत, हे बघायचं. कुजलेलं मूळ तपकिरी आणि मऊ असतं. चिमटीत धरून ओढलं तर वरची साल पायमोज्यासारखी निघून येते आणि आतली दोऱ्यासारखी शीर तेवढी उरते. मातीलाही गटारासारखा वास येतो. हे दिसलं की समजायचं, मूळकूज.

आता औषध. पण त्याआधी मला एका शब्दाशी भांडायचं आहे. तो शब्द म्हणजे 'बुरशी'.

भाकरीवर आली ती बुरशी, लोणच्यावर आली ती बुरशी आणि मुळाला लागली तीही बुरशीच. रोपवाटिकेत सांगतात, 'बुरशी धरलीय, बुरशीचं औषध टाका.' दुकानात गेलं तर तेच उत्तर. प्रत्यक्षात मुळं कुजवणाऱ्यांत दोन निरनिराळी कुळं आहेत. एक खरोखरच्या बुरशीचं. रायझोक्टोनिया आणि फ्युजेरियम ही त्यातली नेहमीची नावं. दुसरं कुळ पिथियम आणि फायटोफ्थोरा यांचं. दिसायला हेही तंतूंचं जाळंच, त्यामुळे शास्त्रज्ञांनीही यांना बरीच वर्षं बुरशीच्या पंगतीत बसवलं होतं. पण बुरशीच्या पेशीची भिंत मुख्यतः कायटिनची असते आणि यांची सेल्युलोज व तशाच द्रव्यांची. यांचं जवळचं नातं निघालं ते समुद्रातल्या तपकिरी शेवाळांशी. आणि पाण्यातलं हे नातं यांनी सोडलेलं नाही. यांचे बीजाणू चक्क पोहतात. प्रत्येकाला केसासारख्या दोन बारीक शेपट्या असतात. मुळांतून जे काही साखरेसारखं पाझरतं त्याच्या मागावर ते मातीतल्या पाण्यातून मुळाशी येतात, चिकटतात, शेपट्या टाकून देतात आणि आत शिरतात. ओली माती या मंडळींचा राजमार्ग आहे.

कूळ काही किरकोळ नाही. १८४५ पासून आयर्लंडमध्ये बटाट्याचं पीक लागोपाठ कुजलं, त्या दुष्काळात दहा लाखांच्या आसपास माणसं गेली आणि साधारण तेवढीच देश सोडून निघून गेली. ते काम फायटोफ्थोराच्याच एका जातीचं. अँटन डी बारी या जर्मन शास्त्रज्ञानं १८७६ साली या वंशाला हे नाव दिलं. ग्रीक भाषेतला त्याचा अर्थ झाडांचा संहारक. नाव ठेवावं तर असं! आपल्याकडे नागपुरी संत्र्याच्या खोडातून डिंक वाहतो, तो डिंक्या रोगही फायटोफ्थोराचाच. आणि आमच्या द्राक्षांवर येणारा केवडा, ज्याला बागाईतदार डाऊनी म्हणतात, तोसुद्धा याच गोतावळ्यातला.

हे कुळपुराण सांगायचं कारण असं, की रोपवाटिकेत हमखास हातावर ठेवली जाते ती कार्बेन्डाझिमची पूड. 'बाविस्टिन' या नावानं ती जास्त ओळखीची. हे औषध खऱ्या बुरशीच्या पेशींचं विभाजन रोखतं, त्यामुळे रायझोक्टोनिया-फ्युजेरियमवर ते चालतं. पिथियम आणि फायटोफ्थोराच्या पेशीत मात्र त्याला पकडायला जागाच मिळत नाही. म्हणजे साचलेल्या पाण्यात जी कूज बहुधा होते, नेमकी तिथं ही पूड कितीही ओतली तरी उपयोग शून्य. उलट मातीतल्या काही चांगल्या बुरशी, ज्या या शत्रूला जरा दाबून ठेवतात, त्याच मरतात आणि पिथियमला रान मोकळं मिळतं. एका ढोबळ शब्दामुळे चुकीची पुडी घरी येते ती अशी.

पाण्याच्या कुळासाठी औषधं वेगळी. त्यातलं सर्वांत माहितीचं मेटालॅक्झिल. ते मुळांतून आत शिरून झाडात वर चढतं. बाजारात ते बहुधा मॅन्कोझेबबरोबर मिळतं, मेटालॅक्झिल ८ टक्के आणि मॅन्कोझेब ६४ टक्के अशा जोडीनं. दुसरं फोसेटिल अ‍ॅल्युमिनियम, व्यापारी नाव 'अ‍ॅलिएट'. याचा गुण असा, की ते झाडात वरही जातं आणि पानांवरून खाली मुळांकडेही उतरतं. असं करणारी बुरशीनाशकं फार थोडी. आमच्या भागात द्राक्षांमुळे ही दोन्ही सहज मिळतात. कृषी सेवा केंद्रात मी पहिल्यांदा मागायला गेले तेव्हा दुकानदारांनी विचारलं, 'किती एकर, ताई?' मी म्हटलं, 'सतरा कुंड्या.' बिचारे हसले, पण फळीमागून लहानातली लहान पुडी शोधून दिली.

कुजलेलं नेमकं कुणी, हे घरी बसून शंभर टक्के सांगता येत नाही, त्यासाठी प्रयोगशाळा लागते. तरी काही खुणा उपयोगी पडतात. साल मोज्यासारखी सुटते, वास मारतो, कुंडीत पाणी साचत होतं, तर पाण्याच्या कुळावर संशय घ्या. मातीच्या रेषेशी बुंध्यावर कोरडा, तांबूस-तपकिरी, खोलगट डाग दिसला तर रायझोक्टोनिया असू शकतो. बुंध्याशी कापसासारखे पांढरे तंतू आणि मोहरीएवढे तपकिरी दाणे दिसले तर तो स्क्लेरोशियम. त्याच्यावरही कार्बेन्डाझिम फारसं चालत नाही. मी अशी कुंडी मातीसकट काढून टाकते, कारण ते दाणे मातीत वर्षानुवर्षं जिवंत राहू शकतात.

आता या औषधांकडून अपेक्षा किती करायची? कुजलेलं मूळ कुठल्याही औषधानं परत येत नाही. जी मुळं शाबूत आहेत त्यांचं रक्षण, एवढंच त्याच्या हातात असतं. आणखी एक गोष्ट फारशी कुणी सांगत नाही. यांतली बरीच औषधं रोगाला मारून टाकत नाहीत, दाबून ठेवतात. रोपवाटिकेत ठरावीक दिवसांनी औषधपाणी होत असतं, रोप तजेलदार दिसतं. ते घरी येतं, औषधाचा अंमल ओसरतो, आपलं रोजचं पाणी सुरू होतं आणि मुळांत दबा धरून बसलेला रोग उठतो. महिन्याभरानं मान टाकणारी कितीतरी रोपं आजार बरोबर घेऊनच आपल्या दारात आलेली असतात. म्हणून रोप विकत घेताना फुलं मोजण्याआधी, मालकाला विचारून, पिशवी जरा सोडून मुळं बघा. चांगला रोपवाटिकावाला रागावत नाही.

झाड वाचवायचं ठरवलं तर काम असं करायचं. कुजलेली मुळं धारदार, स्वच्छ कात्रीनं टणक भागापर्यंत कापायची आणि प्रत्येक कापणीनंतर कात्री स्पिरिटनं पुसायची. मुळं निम्मी गेली असतील तर वरचा पसाराही त्या मानानं कमी करायचा, नाहीतर उरलेल्या मुळांना एवढी पानं पोसवत नाहीत. जुनी माती परत वापरायची नाही. कुंडी घासून, ब्लीचिंगच्या पातळ पाण्यात अर्धा तास बुडवून, पुन्हा धुऊन घ्यायची. नव्या, जेमतेम ओलसर मिश्रणात झाड लावायचं आणि मग औषधाचं पाणी घालायचं, तळाच्या भोकातून थेंब पडू लागेपर्यंत. मेटालॅक्झिल-मॅन्कोझेबच्या जोडीचं प्रमाण साधारणपणे लिटरला २ ग्रॅम, पण पुडीवर छापलेलं असेल ते प्रमाण मानायचं. चमच्यानं मोजू नका. प्रत्येक पूड सारखी जड नसते. लहान वजनकाटा आता फार महाग नाही आणि तो यासाठीच वेगळा ठेवावा.

इथं एक गंमत आहे. औषध येतं तेच पाण्यातून. आधीच चिंब असलेल्या कुंडीत लिटरभर द्रावण ओतणं म्हणजे बुडणाऱ्याला घागरभर पाणी पाजणं. त्यामुळे माती बदलल्याशिवाय किंवा निदान वाफसा आल्याशिवाय औषध घालूच नये. त्यानंतर झाड सावलीत ठेवायचं, नवी पालवी दिसेपर्यंत खत बंद. दुसरा हात द्यायचा झाला तर पंधरा दिवसांनी, आणि शक्यतो दुसऱ्या गटातलं औषध घेऊन. मेटालॅक्झिल १९७७ मध्ये बाजारात आलं आणि १९८० मध्येच आयर्लंड व नेदरलँड्समध्ये बटाट्याच्या करप्याला ते लागू पडेना. एकच औषध परत परत दिलं की रोगातले दांडगे तेवढे उरतात आणि त्यांचीच प्रजा वाढते. मॅन्कोझेबची जोड देतात ती यासाठीच.

बुंधाच मऊ पडला असेल तर औषधावर पैसे घालवू नका. शेंड्याकडचा निरोगी तुकडा कापून नवी कलमं करा. मनी प्लांट, कोलियस, अ‍ॅग्लोनेमा, डिफेनबेकिया यांचं रोप असं सहज परत उभं राहतं. डिफेनबेकियाचा चीक मात्र डोळ्याला किंवा तोंडाला लागू देऊ नका. कापलेल्या जागी हळद किंवा दालचिनीची पूड लावायला माझी हरकत नाही. मातीत हळद मिसळून मूळकूज बरी होते, यावर मात्र माझा विश्वास नाही.

आता कुंडीविषयी, कारण खरं दुखणं तिथं आहे. घरी एक प्रयोग करून बघा. भांडी घासायचा लांबट चौकोनी स्पंज पाण्यात बुडवा आणि आडवा धरा. ठिबकणं पूर्ण थांबलं की तोच स्पंज उभा करा. पुन्हा पाणी गळायला लागेल. स्पंज तोच, पाणी तेच, फक्त उंची वाढली. कुंडीचंही असंच आहे. भोक कितीही मोठं असलं तरी तळाशी मातीचा एक थर पाणी धरूनच ठेवतो. उंच कुंडीत तो थर तळाशी पडून राहतो, उथळ कुंडीत तो जवळजवळ मुळांच्या गळ्याशी येतो. आणि आपण पिढ्यान् पिढ्या तळाशी विटांचे तुकडे, खापऱ्या यांचा जाड थर देतो ना, त्यानं निचरा सुधारत नाही. बारीक मातीतलं पाणी खालच्या मोठ्या पोकळ्यांत सहजासहजी उतरत नाही. माती पुरती भरल्यावरच ते खाली पडतं. म्हणजे ओला थर तेवढा वर सरकतो आणि मुळांची जागा कमी होते. भोकातून माती वाहून जाऊ नये म्हणून एक खापरी पालथी ठेवा, पुष्कळ झालं. त्याच विटांचा जाडसर चुरा करून मिश्रणात घातला तर जास्त उपयोगी पडेल.

आमच्या कृष्णाकाठची काळी माती उसाला छान, पण कुंडीत ती ओली झाली की चिखल आणि वाळली की दगड. तांबडी माती, चांगलं कुजलेलं शेणखत आणि जाड वाळू किंवा विटांचा चुरा, असं भुसभुशीत मिश्रण करावं. कोकोपीट थोडंच घाला, ते पाणी फार धरतं. लहान रोपाला भली मोठी कुंडी देऊ नये. मुळं पोचत नाहीत त्या भागातली माती ओली ती ओलीच राहते. आणि दिवाणखान्यातल्या त्या चिनी मातीच्या बिनभोकाच्या देखण्या कुंड्या! त्यांत आतल्या कुंडीतून उतरलेलं पाणी दिसतही नाही. आठवड्यातून एकदा आतली कुंडी उचलून बघावी. ताटलीतलं पाणीही ओतून द्यावं. एकाच ताटलीत चार कुंड्या असतील तर एकीचा रोग चौघींना.

आता जरा कडक बोलते. माझ्या एका शेजारणीला रोपवाटिकेतून पांढरी पूड सुटी, वर्तमानपत्राच्या कागदात बांधून मिळाली. तिनं ती पुडी स्वयंपाकघराच्या फळीवर मिठाच्या बरणीशेजारी ठेवली होती. घरात चार वर्षांचा नातू. मी सहज चहाला गेले होते म्हणून ती दिसली. पुडीवर नाव नाही, प्रमाण नाही, विषारीपणा सांगणारा रंगीत चौकोन नाही. अशी सुटी पूड कुणी फुकट दिली तरी घेऊ नका. केंद्र सरकारनं मे २०२० मध्ये २७ कीडनाशकांवर बंदी घालण्याचा मसुदा काढला होता, त्यात कार्बेन्डाझिम आणि मॅन्कोझेब ही दोन्ही नावं होती. युरोपीय संघानं त्याच वर्षाच्या शेवटी मॅन्कोझेबची मान्यता पुढे न वाढवण्याचा निर्णय घेतला. दुकानात मिळतं म्हणून ते हळद-तिखटाच्या पंगतीला बसत नाही. हातमोजे, नाकाला रुमाल, ढवळायला वेगळी काठी, वेगळी बादली आणि लागेल तेवढंच द्रावण.

दुसरं, आपल्या गॅलरीत शोभेच्या झाडांना खेटूनच तुळस, कढीपत्ता, पुदिना असतो. शोभेच्या झाडाचं औषध या कुंड्यांत घालायचं नाही, आणि वरच्या कुंडीतून ठिबकणारं पाणी खालच्या पुदिन्यात पडत नाही ना, हेही बघायचं. गुलकंदासाठी पाकळ्या काढता तो गुलाब, चहाला सुकवता ती जास्वंद, यांनाही नको. माझ्या अम्मीच्या मोगऱ्याच्या तीन कुंड्या आहेत. फुलं कधी तिच्या केसांत, कधी उशाशी. त्या कुंड्यांना मी औषध लावत नाही. एखादा मोगरा गेला तर दाबकलम करून नवा लावते. औषध घातलेल्या कुंडीच्या ताटलीत चिमण्या पाणी प्यायला येतात, तेव्हा ती ताटली लगेच रिकामी करायची.

रोग येण्याआधी करण्यासारखं म्हणजे ट्रायकोडर्मा. ही मित्रबुरशी. रोगकारक बुरशीच्या तंतूंना ती विळखा घालते आणि त्यांचं अन्न खाते. कुंडी भरताना शेणखतात किलोला १० ग्रॅम या हिशेबानं मिसळून, ओलसर करून, आठवडाभर सावलीत झाकून ठेवायचं आणि मग ते खत वापरायचं. ती जिवंत असते, म्हणून पाकिटावरची मुदत बघून घ्या आणि पाकीट उन्हात ठेवू नका. ट्रायकोडर्मा घातलं आणि पाठोपाठ कार्बेन्डाझिम ओतलं, तर मित्र आपणच मारला. दोन्हींत निदान पंधरा दिवसांचं अंतर हवं. रोग हाताबाहेर गेल्यावर ट्रायकोडर्माकडून चमत्काराची अपेक्षा नको.

पाऊस तोंडावर आला की मी सगळ्यात आधी अडेनियम पत्र्याखाली ओढते. फुगीर बुंध्यात पाणी साठवून ठेवणारं ते झाड, त्याला आषाढातला पाऊस सोसत नाही. पावसाळाभर बुंधा रोज अंगठ्यानं दाबून बघायचा. एखादी जागा दबली तर त्याच दिवशी झाड उपटून, कुजका भाग स्वच्छ पांढरा गर लागेपर्यंत सुरीनं कापून, झाड सावलीत आठ-दहा दिवस उघडंच टांगून ठेवायचं. जखम पुरती कोरडी झाल्याशिवाय लावायचं नाही, आणि लावल्यावर पहिला आठवडा पाणी नाही.